ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम

पुण्यातील शिवाजीनगर येथील ख्रिस्ती आश्रम. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विचारांनी प्रभावित झालेले अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापला. या आश्रमाचे मूळ त्यात आहे. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये याच संघासाठी भारतात आले. १९७२ मध्ये अँग्लिकन व कॅथलिक भगिनींनी एकत्र राहून आश्रमाला नवजीवन दिले. त्यांत शांकर वेदान्ताच्या अभ्यासक, कॅथलिक भगिनी सारा ग्रँट प्रमुख होत्या. मौन, सामूहिक प्रार्थना, ध्यान, साधी राहणी व अतिथिसेवा ही येथील साधनेची अंगे होत.