चिपाडांचा रोग

उंसापासून होणाऱ्या साखरेचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. परंतु रस निघून गेल्यावर मागें राहणाऱ्या चिपाडाकडे इतिहासकाराची दृष्टि क्वचितच वळली. कारखान्यांतील मजुराच्या फुप्फुसांचा इतिहास पाहूं गेल्यास मात्र तो ह्या चिपाडांतच शोधावा लागतो, असें आम्हांस वाटतें.

चरकांतून निघालेल्या ताज्या चिपाडांत जवळजवळ निम्मा भाग पाणी असतें. तें तसेंच भट्टींत गेलें तर त्याची राख होते. आणि जोंपर्यंत चिपाड हें केवळ जळण होतें, तोंपर्यंत ह्या रोगास वैद्यकांत नांवहि नव्हतें. विसाव्या शतकांत त्यापासून तक्ते, पुठ्ठे व कागद होऊं लागले, आणि त्याचे गठ्ठे बांधून महिनोन्महिने रचून ठेवणें भाग पडलें. मागें उरलेली साखर आंबून गंजी आंतून तापते. त्या उष्णतेंत सूक्ष्म जंतु वाढतात. आणि वाळलेला गठ्ठा फोडतांच त्यांचे कण धुळीबरोबर श्वासांत शिरतात. कांहीं तासांनीं ताप, खोकला आणि धाप हीं लक्षणें दिसूं लागतात.

१९४१ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत जेमिसन व हॉपकिन्स ह्यांनीं ह्या रोगाचें वर्णन केलें व तो बुरशीचा मानला. १९४२ सालीं तो इंग्लंडांतहि आढळला व ‘बॅगासोसिस’ हें नांव रूढ होऊं लागलें. तेथें ऊंस पिकत नव्हता. परदेशांतून चिपाड गेलें व त्याबरोबर रोगहि गेला! त्यास कारण होणारा जंतु लेसी ह्यांनीं १९७१ सालीं निश्चित केला.

ह्या रोग्याचें क्ष-किरण चित्र क्षयासारखें दिसूं शकतें. विश्रांतीनें मजूर बरा होतो आणि पुन्हा त्याच गठ्ठ्यांपाशीं जातो. असें वारंवार घडल्यास फुप्फुसांस कायमचे व्रण पडतात. रोग्यास त्याचा धंदा विचारावा, असें इटलींतील रामाझिनीनें १७०० सालींच सांगितलें होतें. तेवढा एक प्रश्न विचारला न गेल्यास क्षयाचा उपचार चालू राहतो, आणि धूळहि चालू राहते.

आमच्या देशांत विश्वनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुठ्ठ्याच्या कारखान्यांतील मजुरांचा अभ्यास १९६३ सालीं प्रसिद्ध केला. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टांतहि पुढें ह्या रोगाचें नांव आलें. परंतु निदानच क्षयाचें झालें, तर कायद्यांतील त्या नांवाचा मजुरास काय उपयोग?

हा रोग अटळ नाहीं. लुइझियानांत चिपाड ओलसर ठेवून व त्यावर प्रोपिऑनिक आम्ल शिंपडून तो जवळजवळ नाहींसा करण्यांत आला. प्रवरानगरास १९५० च्या सुमारास सहकारी साखरेचें पर्व सुरू झालें, त्याचा अभिमान आम्हांसहि आहे. मात्र त्या पर्वाच्या जमाखर्चांत किती पोतीं साखर निघाली ह्याबरोबर गंजीवरील मजुराचा श्वास कसा राहिला, हेंहि लिहिलें गेलें पाहिजे.