धन्यवादित बेनेडिक्ट दास्वा : मुख्याध्यापक, कुटुंबवत्सल पिता आणि रक्तसाक्षी

पवित्र ख्रिस्तसभेच्या रक्तसाक्ष्यांच्या नामावलीत बिशप आहेत, धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत, राजेरजवाडे आणि सैनिकही आहेत. खेड्यातील प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक, आठ मुलांचा बाप मात्र या नामावलीत सहसा आढळत नाही. दक्षिण आफ्रिकेतील बेनेडिक्ट दास्वा हे असे एक मुख्याध्यापक होते. शिक्षकी पेशातील अनेक कुटुंबे असलेल्या आपल्या वाचकवर्गाला त्यांचा परिचय व्हावा म्हणून हा लेख आम्ही सादर करीत आहोत.

त्यांचा जन्म १६ जून १९४६ रोजी म्बाहे या गावी झाला. हे गाव आजच्या लिम्पोपो प्रांतात, देशाच्या उत्तर टोकाकडील वेंडा लोकांच्या प्रदेशात येते. त्यांचे जन्मनाव त्शिमंगाद्झो, म्हणजे अद्भुत किंवा चमत्कार. शाळेत घातल्यावर ‘सॅम्युएल’ हे नाव मिळाले. त्यांचे घराणे लेम्बा जमातीतील होते. डुकराचे मांस वर्ज्य मानणारी आणि आपले मूळ यहुदी लोकांत आहे असे सांगणारी ही जमात आहे. वडील अपघातात निवर्तले तेव्हा धाकट्या भावंडांचा भार थोरल्या मुलावर, म्हणजे त्यांच्यावरच आला.

सुट्टीत जोहान्सबर्गला गेलेल्या या तरुणाची तेथे एका कॅथलिक मित्राशी गाठ पडली आणि त्याच्या मनात श्रद्धेचे बीज पडले. गावी परतल्यावर बेनेडिक्ट रिसिमाती नावाच्या धर्मशिक्षकाकडे त्यांनी धर्मशिक्षण घेतले. हे वर्ग एका झाडाखाली भरत. २१ एप्रिल १९६३ रोजी त्यांना स्नानसंस्कार मिळाला. त्या वेळी त्यांनी ‘बेनेडिक्ट’ हे नाव घेतले. त्यात संत बेनेडिक्ट यांचे स्मरण होते, तसेच आपल्या धर्मशिक्षकाबद्दलची कृतज्ञताही होती. ‘प्रार्थना करा आणि श्रम करा’ हे बेनेडिक्ट संघाचे बोधवाक्य त्यांनी आपलेसे केले.

शिक्षक प्रशिक्षण पूर्ण करून ते प्राथमिक शिक्षक झाले आणि १९७९ साली न्वेली येथील प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्याच वर्षी वर्णद्वेषी राजवटीने वेंडा प्रदेश ‘स्वतंत्र’ म्हणून घोषित केला, मात्र त्या स्वातंत्र्याला दक्षिण आफ्रिकेबाहेर कोणी मान्यता दिली नाही. अशा उपेक्षित मुलखात शाळा चालवणे म्हणजे हजेरीपटावर सही करून घरी जाणे नव्हते. एखादे मूल शाळेत दिसले नाही की मुख्याध्यापक स्वतः त्याच्या घरी जाऊन चौकशी करीत. फी भरण्याची ऐपत नसलेल्या मुलांना ते आपल्या भाजीच्या मळ्यात काम देत आणि त्या कमाईतून फी भरली जाई. फुकट दिले असते तर मुलांना लाजल्यासारखे झाले असते. शाळा चालविणाऱ्या आमच्यासारख्यांनी विचार करावा अशी ही रीत आहे.

त्यांच्या पत्नीचे नाव शादी एव्हलिन. घरातील कामांत बेनेडिक्ट पत्नीला हातभार लावीत. पाणी आणणे, सरपण गोळा करणे, एवढेच काय बाळाचे लंगोट धुणे हेही ते करीत. वेंडा समाजात ही बायकांची कामे. गावातील पुरुष त्यांना हसत, पण त्यांनी ती सोडली नाहीत. (असे हसणारे फक्त आफ्रिकेतच असतात असा आमच्या वाचकांनी समज करून घेऊ नये.) त्यांनी स्वतः खपून विटांचे पक्के घर बांधले. घरात रोज सर्वांची एकत्र प्रार्थना होई. दर वर्षी १६ डिसेंबर रोजी सारे कुटुंब एकत्र जमे. या दिवसाला घरात ‘दास्वा दिवस’ असेच नाव पडले होते.

न्वेली येथे स्वर्गोन्नीत मरिया मातेच्या नावाने चर्च उभारले गेले. त्याच्या बांधकामासाठी दगड आणि वाळू वाहून आणण्यात बेनेडिक्ट आघाडीवर होते. धर्मगुरू दर रविवारी येऊ शकत नसत, तेव्हा उपासना तेच चालवीत. गावच्या मुखियाच्या मंडळाचे ते चिटणीस होते. म्हणजे ज्या गावाने पुढे त्यांचा जीव घेतला, त्या गावात ते परके नव्हते.

एका बाबतीत मात्र ते कधी तडजोड करीत नसत, ती म्हणजे जादूटोणा. त्यांच्या फुटबॉल संघातील खेळाडूंना सामना जिंकण्यासाठी भगताकडील औषध वापरायचे होते. बेनेडिक्ट यांनी तो संघ सोडला आणि दुसरा उभा केला. रोग, मृत्यू किंवा अपयश यांच्यामागे कोणाची तरी करणी असते ही समजूत त्यांनी शाळेत, सभेत, सर्वत्र उघडपणे खोडून काढली. अशा समजुतीपायी निरपराध माणसांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, चेटकीण ठरवून मारले जाते हे ते पाहत होते. या प्रांतातील अशा हत्यांचे प्रमाण पुढे इतके गंभीर मानले गेले की १९९५ साली प्रांतिक सरकारला त्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला.

जानेवारी १९९० मध्ये तेथे अतिवृष्टी आणि विजांचा कहर झाला. २५ जानेवारीला म्बाहे गावात वीज कोसळून गवताने शाकारलेल्या काही झोपड्या जळाल्या. वीज आपोआप पडत नाही, ती कोणीतरी पाडतो, अशी तेथील लोकांची धारणा. रविवार, २८ जानेवारी रोजी मुखियाने सभा बोलावली आणि ठरले की चेटूक करणारा कोण हे शोधण्यासाठी भगताकडे जायचे व त्याच्या बिदागीसाठी प्रत्येकाने पाच रँड द्यायचे. बेनेडिक्ट पोहोचले तेव्हा निर्णय होऊन गेला होता. वीज ही निसर्गातील घटना आहे, हे त्यांनी एखाद्या शिक्षकाने वर्गात समजवावे तसे समजावले. लोकांना ते पटले नाही, तेव्हा आपला धर्म आपल्याला याची परवानगी देत नाही असे सांगून त्यांनी पैसे देण्यास नकार दिला.

पाच रँड ही रक्कम त्यांना जड नव्हती. मुकाट्याने देऊन घरी जाता आले असते. पण त्या पैशातून कोणातरी निरपराध माणसावर बोट ठेवले जाणार होते आणि त्या माणसाचे काय होणार हे सभेतील सर्वांना ठाऊक होते.

शुक्रवार, २ फेब्रुवारी १९९०. त्या दिवशी केप टाऊनच्या संसदेत राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठविल्याची घोषणा केली आणि देशभर आशेची लाट उसळली. बेनेडिक्ट त्या दिवशी मेहुणीला आणि तिच्या आजारी बाळाला आपल्या पिकअप गाडीतून थोहोयान्डू येथे डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. परतताना वाटेत पिठाचे पोते घेऊन चाललेला एक माणूस दिसला. त्याला त्याच्या गावी सोडून लगेच येतो असे ते घरी मुलीला सांगून गेले. परतीच्या वाटेवर अंधारात रस्ता ओंडके टाकून अडविलेला होता. ते उतरताच जमावाने दगडफेक केली. जखमी अवस्थेत ते फुटबॉलच्या मैदानातून धावले आणि एका बाईच्या झोपडीत लपले. त्यांना दाखवले नाही तर तुलाच मारू, अशी धमकी जमावाने तिला दिली. ते ऐकून बेनेडिक्ट स्वतः बाहेर आले. आपला आत्मा परमेश्वराच्या हाती सोपवणारी प्रार्थना करीत असताना त्यांच्या डोक्यावर सोट्याचा प्रहार झाला. नंतर त्यांच्या अंगावर उकळते पाणी ओतण्यात आले. त्यांचे वय ४३ वर्षे होते. पत्नी गरोदर होती. आठवे अपत्य चार महिन्यांनी जन्मले.

१० फेब्रुवारीला न्वेलीच्या चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा झाली. जांभळ्या वस्त्रांऐवजी धर्मगुरूंनी लाल वस्त्रे परिधान केली होती. लाल हा रक्तसाक्ष्यांचा रंग. काही जणांना अटक झाली, परंतु पुराव्याअभावी कोणालाही शिक्षा झाली नाही.

धर्मगुरूंनी त्या दिवशी जे वस्त्रांतून सूचित केले, ते अधिकृतपणे ठरण्यास पंचवीस वर्षे लागली. प्रश्न सोपा नव्हता. मारेकऱ्यांनी त्यांना येशूचे नाव सोड असे म्हटले नव्हते. त्यांच्या भरभराटीबद्दलची असूयाही या हत्येमागे होती. मग ही श्रद्धेच्या द्वेषातून झालेली हत्या, की गावकीचे भांडण? त्झानीन धर्मप्रांताने २००५ ते २००९ या काळात साक्षी नोंदविल्या. त्यांची श्रद्धाच त्या नकाराचे कारण होती आणि तो नकारच मृत्यूचे कारण ठरला, हे मान्य होऊन २२ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे हौतात्म्य मान्य केले. आम्हाला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा फक्त देवळात नव्हे, तर गावच्या वर्गणीच्या यादीपुढेही पारखली जाते, हे त्यात मान्य झाले आहे.

१३ सप्टेंबर २०१५ रोजी थोहोयान्डूजवळील त्शितानिनी येथे कार्डिनल अँजेलो अमातो यांच्या हस्ते त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. दक्षिण आफ्रिकेत जन्मून हा मान मिळविणारे ते पहिलेच. सोहळ्याला हजारो भाविक लोटले होते. पत्नी एव्हलिन तो दिवस पाहण्यास हयात नव्हत्या, मात्र नव्वदी ओलांडलेल्या मातोश्री आपल्या मुलांनातवंडांसह उपस्थित होत्या. २ फेब्रुवारीला प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण असल्यामुळे त्यांचा स्मृतिदिन १ फेब्रुवारीला पाळला जातो. त्यांचे अवशेष न्वेलीच्या चर्चमध्ये ठेवलेले आहेत.