हेत्वाभास आणि आकारिक तर्कदोष : एका तुलनेचा पुनर्विचार

हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी १८२४ साली न्यायदर्शनावरील निबंधातून भारतीय अनुमानविचाराचा परिचय युरोपीय विद्वानांना करून दिला. तेव्हापासून न्यायाचे पंचावयवी वाक्य आणि ॲरिस्टॉटलचे ‘संविधान’, म्हणजे दोन आधारविधानांवरून निष्कर्ष काढणारे अनुमान, यांची तुलना होत आली आहे. या तुलनेतून ‘भारतीयांनी अनुमानाच्या आशयातील दोष पाहिले, आकारातील नव्हे’ असा एक समज रूढ झाला. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

‘सर्व अग्नियुक्त वस्तू ज्ञेय आहेत, पर्वत ज्ञेय आहे, म्हणून पर्वत अग्नियुक्त आहे.’ येथे दोन्ही आधारविधाने नैयायिकांना मान्य आहेत, तरीही निष्कर्ष निघत नाही. दुसऱ्या आकृतीत दोन्ही विधाने होकारार्थी असता निष्कर्ष निघत नाही, हे ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) पदे बदलून दाखविले. ‘अव्याप्त मध्यपद’ ही त्या दोषाची परिभाषा पुढे मध्ययुगीन युरोपात घडली.

सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हाच ज्ञेयत्वाचा हेतू साधारण सव्यभिचाराचे उदाहरण म्हणून येतो. हा हेतू जेथे अग्नी नाही अशा जलाशयातही आढळतो, म्हणून तो दुष्ट. परंतु नैयायिक व्याप्ती ‘जे जे ज्ञेय, ते ते अग्नियुक्त’ अशी मांडतो. या मांडणीत आकार निर्दोष राहतो आणि आधारविधान असत्य ठरते. म्हणजे चूक एकच. मांडणीनुसार ती एकीकडे आकाराची, तर दुसरीकडे आशयाची ठरते.

मात्र एवढ्यावरून आकाराचा विचार भारतात झालाच नाही, असे म्हणता येणार नाही. दिङ्नागाच्या (इसवी सनाचे पाचवे–सहावे शतक) ‘हेतुचक्रडमरू’चे तिबेटी भाषांतर उपलब्ध आहे. साध्य असलेल्या वस्तू म्हणजे सपक्ष, नसलेल्या म्हणजे विपक्ष. हेतू यांपैकी प्रत्येकात सर्वत्र, अंशतः किंवा मुळीच नसणे, अशा तीन शक्यता घेऊन दिङ्नागाने ३ × ३ = ९ प्रकार सिद्ध केले. त्यांपैकी २ सद्हेतू, २ विरुद्ध आणि ५ अनैकान्तिक होत. एखादा हेतू कोणत्या घरात पडतो हे वस्तुस्थितीवरून ठरते. परंतु त्या घरातील हेतू ग्राह्य की अग्राह्य, हे पदांच्या अर्थावर अवलंबून नाही.

सारांश, ॲरिस्टॉटलने आकार विधानांच्या रचनेत शोधला, तर दिङ्नागाने तो वस्तुवर्गांच्या परस्परसंबंधांत शोधला. हा भेद दृष्टिआड केल्यास एका परंपरेची फूटपट्टी दुसरीला लावली जाते, आणि मग जे मोजता आले नाही, ते नव्हतेच असा निष्कर्ष काढला जातो. तोही एक तर्कदोषच होय.