हद्दीपलीकडचे मळे : फ्रेंच रेड वाइनच्या अभ्यासाची प्रस्तावना

निफाड, दिंडोरी किंवा तासगावच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला ‘बोर्डो’ म्हणजे काय ते विचारा. मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण, केवडा येऊ नये म्हणून मारतात ते, असे उत्तर लगेच मिळेल. हे औषध सापडले ते बोर्दो शहराच्या उत्तरेला, सँ-ज्युलियाँ गावच्या रस्त्यावर. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्दोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक अलेक्सी मियार्दे तिथून जात होते. केवड्याने आसपासच्या वेलींची पाने गळाली होती, पण रस्त्यालगतच्या ओळी हिरव्यागार होत्या. येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. रसायनशास्त्रज्ञ उलिस गायों यांच्यासोबत प्रयोग करून मियार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे ठेवले.

खुंटांचेही तसेच. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सचे मळे उजाड केले. ते वाचले अमेरिकी खुंटावर देशी वाणांची कलमे बांधल्यामुळे. पाण्याची ओढ आणि जमिनीतले क्षार सोसावेत म्हणून डॉगरिज खुंटावर बाग उभी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. म्हणून मराठी वाचकाने या विषयाकडे बिचकत येऊ नये. फ्रेंच उच्चार, काचेचे नाजूक पेले, जाडजूड वाइन-याद्या यांनी दबून जायचे कारण नाही. माती, पाणी, वाण, छाटणी आणि बाजारभाव हे पाच शब्द ज्याला कळतात, तो या अभ्यासाच्या उंबऱ्याच्या आत आलेलाच आहे.

अभ्यासाचा मुख्य प्रश्न मात्र सुरुवातीलाच सांगायला हवा. एकाच वाणाची, एकाच वर्षाची, एकमेकांना लागून असलेल्या दोन मळ्यांतली वाइन. एक बाटली दहा-बारा युरोला मिळते आणि दुसरी शंभरच्या पुढे. हा फरक चवीतून आला असेल असे आपण गृहीत धरतो. काही अंशी तो चवीचा असतोही. पण बराचसा तो इतिहासाचा असतो. कोणत्या गावाचे नाव कधी गाजले, कोणाची नोंद कोणत्या यादीत झाली, कोणाला बंदर जवळ होते, यावरून भाव ठरले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला कमी पैशात फार चांगली वाइन मिळते, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात १८५५ पासून करू. त्या वर्षी पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे मांडण्यासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने शहरातल्या वाइन-दलालांकडून एक प्रतवारी मागवली. दलालांनी त्यासाठी वाइन चाखायची बैठक घातली नाही. कोणत्या शातोच्या, म्हणजे वाइन-मळ्याच्या, मालाला वर्षानुवर्षे काय भाव मिळाला, हे त्यांच्या वह्यांत होतेच. त्या भावांवरून त्यांनी रेड वाइनच्या पाच पायऱ्या पाडल्या. सर्वांत वर चार नावे होती: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. ही यादी आजही चालते. वरच्या पायरीवर पुढे एकच भर पडली, १९७३ मध्ये मुताँ रोथशिल्डची. प्रतवारी शातोच्या नावाला मिळाली, जमिनीच्या तुकड्याला नाही. त्यामुळे शातोने त्याच गावहद्दीत शेजाऱ्याची जमीन विकत घेतली, तरी तिच्यातली वाइन त्याच दर्जाने विकता येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोर्दोन्य नदीच्या उजव्या तीरावरची सँ-एमिलियों आणि पोमरॉल ही गावे या यादीत नव्हतीच. त्यांचा माल लिबुर्नच्या बाजारातून जाई, बोर्दोच्या दलालांच्या हातून नाही.

म्हणजे जगातली सर्वांत प्रसिद्ध प्रतवारी ही मुळात भावांची नोंद आहे. दलालांची समज खोटी होती असे मी म्हणत नाही. लाफीतची जमीन खरोखर असामान्य आहे. पण भावावरून दर्जा आणि दर्जावरून पुन्हा भाव, असे ते चक्र आता पावणेदोनशे वर्षे फिरते आहे. त्याबाहेर राहिलेल्यांकडे पाहिले की गुणाच्या मानाने स्वस्त बाटल्या दिसू लागतात. सँ-एमिलियोंचे चुनखडीचे पठार गावाच्या शिवेवर संपत नाही, ते पूर्वेला कास्तियोंमध्ये शिरते. तिथली मर्लो द्राक्षे तशाच दगडावर वाढतात, आणि बाटली मात्र कितीतरी कमी भावात सुटते. पश्चिमेचे फ्रोन्साक तर अठराव्या शतकात शेजाऱ्यांपेक्षा मानाचे समजले जाई. आज त्याच बोर्दोच्या लहान शेतकऱ्यांचे हाल आहेत. मागणी घटल्यामुळे २०२३ पासून सरकारी मदतीने हजारो हेक्टर बागा उपटल्या जात आहेत. नामांकित शातोंच्या झगमगाटात हे दिसत नाही. कास्तियों किंवा कोत द बूर्गची एक प्रामाणिक बाटली घेणारा ग्राहक तिथल्या शेतकऱ्याला खरा हवा आहे.

बर्गंडीत हिशेब उलटा आहे. तिथे दर्जा जमिनीला मिळतो, मालकाला नाही. सितो मठाच्या संन्याशांनी मध्ययुगात दगडी भिंत घालून राखलेला क्लो द व्हुजो हा सुमारे ५० हेक्टरांचा मळा पाहा. फ्रेंच राज्यक्रांतीत तो मठाकडून गेला, १८८९ मध्ये विकला जाऊन फुटला, आणि वारसाहक्काने तुकडे पडत पडत आता त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. वरच्या उताराचा निचऱ्याचा भाग आणि खाली रस्त्यालगतचा ओलसर भाग, दोन्हींच्या लेबलवर सर्वोच्च ‘ग्राँ क्रू’ छापलेले असते. भाऊबंदांत वाटण्या झालेली जमीन आपण पाहिलेली आहे. पाटाच्या वरचा आणि पाटाच्या टोकाचा वाटा कागदावर सारखाच असतो. म्हणून बर्गंडीत आधी कोणी केली ते वाचावे आणि मग कुठली ते. परवडणारी पिनो न्वार हवी असेल तर दक्षिणेला मर्क्युरे आणि जिव्री या गावांकडे वळावे. बर्गंडीच्या मुख्य उतारावरच्या प्रसिद्ध गावांचे भाव आता सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेले आहेत आणि ते खाली येण्याची चिन्हे नाहीत.

त्याहून चांगला उपाय आणखी थोडे दक्षिणेला आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे नावाचे वाण उपटून टाकायचा हुकूम काढला. भरघोस पिकणारे हे वाण पिनोची जागा खात होते. गामेला खरे घर मिळाले ते बोजोलेच्या उत्तर भागातल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांत. तिथली दहा गावे-शिवारे स्वतःच्या नावाने वाइन विकतात. मॉर्गों, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, ज्युलिएना ही त्यांतली मोठी नावे. पण गेल्या अर्धशतकात जगाला बोजोले म्हटले की नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी, काही आठवड्यांत तयार झालेली नवी वाइनच आठवते. त्या हलक्याफुलक्या मालाने दहा शिवारांच्या नावावरही सावली पडली. परिणामी या वाइनचे भाव त्यांच्या गुणाच्या मानाने आजही कमी आहेत. मार्सेल लापिएर आणि त्यांच्या काही सोबत्यांनी १९८० च्या दशकापासून मॉर्गोंमध्ये जुन्या वेली, कमी उत्पादन आणि कमीत कमी गंधक या वाटेने काम केले आणि गामे काय करू शकते ते दाखवून दिले.

एक मॉर्गों समोर घेऊ. लेबलवर बोजोले हा शब्द बहुधा सापडणार नाही, फक्त मॉर्गों आणि कदाचित ‘कोत द्यु पी’ हे टेकडीचे नाव. खाली ‘मि आं बुतेय ओ दोमेन’ अशी ओळ असेल, म्हणजे ज्याची बाग त्यानेच बाटली भरली. ही ओळ मोलाची आहे. ‘व्हिएय व्हिन्य’, म्हणजे जुन्या वेली, असेही लिहिलेले असेल, पण किती वर्षांच्या वेलीला जुनी म्हणायचे याचा कायदा नाही. ग्लासात रंग जांभळट लाल आणि पारदर्शक. पहिला वास चेरी आणि व्हायोलेटच्या फुलांचा, मागे ओल्या दगडाचा. तोंडात आंबटपणा ठसठशीत, आणि तुरटपणा पिकल्या जांभळाइतकाच, जिभेला जरासा चिकटून सुटणारा. हा नरमपणा पद्धतीतून येतो. घड न चुरडता अख्खे बंद टाकीत भरतात, कार्बन डायऑक्साइडमध्ये मण्याच्या आतच आंबवण सुरू होते आणि सालीतला तुरटपणा बेताने उतरतो. चांगल्या वर्षाची मॉर्गों दहा वर्षे ठेवली तर ती पिनोसारखी होत जाते, आणि ती पिताना बर्गंडीची उणीव भासत नाही.

रोन नदीच्या खोऱ्यात हद्दीचे गणित सर्वांत स्पष्ट दिसते. उत्तरेला एर्मिताज ही एकच टेकडी, दीडशे हेक्टरही न भरणारी. तिच्या सिरा वाइनचा दबदबा असा की अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बोर्दोचे व्यापारी आपला माल दमदार करायला तिची भेसळ करत. तिच्याभोवती पसरलेले क्रोझ-एर्मिताज दहापटीहून मोठे आहे. त्यात सपाट जमिनीवरची साधी वाइन पुष्कळ निघते, हे खरे. पण उत्तरेकडच्या ग्रॅनाइटच्या उतारांवरची किंवा कसलेल्या हातची बाटली निवडली, तर एर्मिताजच्या शेजाराचा अर्थ कळतो. दक्षिणेला शातोनफ-द्यु-पापमध्ये वकील बॅरन ल रुआ यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये शेतकऱ्यांनी वाण, हद्द आणि किमान मद्यार्क यांचे नियम स्वतःवर घालून घेतले. त्या धर्तीवर १९३५ मध्ये साऱ्या फ्रान्ससाठी नामनियंत्रणाचा कायदा आला. या व्यवस्थेत गावे हळूहळू पायऱ्या चढतात. जिगोन्दास १९७१ मध्ये स्वतंत्र झाले, व्हाकेरास १९९० मध्ये, केरान २०१६ मध्ये. नाव वर गेल्यावर भाव वाढायला काही वर्षे जातात. जाणकार त्या मधल्या काळात खरेदी करतो, किंवा अजून पायरीवर उभ्या असलेल्या सेग्युरे, साब्ले, व्हिसाँ या गावांची नावे ‘कोत द्यु रोन व्हिलाज’च्या लेबलवर शोधतो.

लांगदॉकचा इतिहास दुःखाचा आहे. रेल्वे आल्यावर या दक्षिणी मैदानाने उत्तरेच्या कामगारांसाठी पाण्यासारखी स्वस्त वाइन ओतली. भाव कोसळले आणि १९०७ मध्ये कॅफेचालक मार्सलँ अल्बेर यांच्यामागे लाखो शेतकरी रस्त्यावर आले. नार्बोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. तो स्वस्ताईचा शिक्का अजून पुसलेला नाही. पण टेकड्यांवर कारिन्यां आणि ग्रनाशच्या जुन्या वेली तशाच राहिल्या. फोजेरची पाटीच्या दगडाची जमीन, सँ-शिन्यां, पिक सँ-लू, तेरास द्यु लार्झाक इथून आज फ्रान्सची सर्वांत किफायतशीर गंभीर वाइन येते, असे मी निःसंकोच म्हणेन. एमे गिबेर यांनी मास द दोमास गास्साकमध्ये १९७८ ची पहिली वाइन खालच्या दर्जाखाली काढली आणि ती थोर शातोंच्या पंक्तीला बसली. लॉआरच्या शिनों आणि बुर्गेयची कॅबर्ने फ्राँ, काहोरची काळसर मालबेक, मादिराँची तुरट ताना यांना पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत.

पैशाचे एक गणित इथेच मांडतो. नवे ओकचे पिंप २२५ लिटरचे, म्हणजे ३०० बाटल्यांचे. त्याची किंमत आठशे-हजार युरो धरली, तरी बाटलीमागे अडीच-साडेतीन युरोच पडतात. काच, बूच, मजुरी मिळवली तरी उत्तम वाइन करण्याचा खर्च एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. त्यापुढचे पैसे जमिनीच्या भावाला, टंचाईला आणि नावाला जातात. भारतात आयात वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले, वर राज्याचे कर. शुल्क टक्क्यांत लागते, त्यामुळे नावासाठी मोजलेला प्रत्येक युरो आपल्याकडे अनेक पटींनी फुगतो. इथे हद्दीपलीकडची बाटली निवडण्यातला फायदा पॅरिसपेक्षा मोठा आहे. दुकानात उन्हाच्या काचेत उभी असलेली बाटली मात्र कितीही स्वस्त असो, घेऊ नये. बूच वर सरकलेले दिसले तर तिला उष्णता लागलेली आहे. रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी असे जे सांगतात, ते युरोपातल्या सोळा-अठरा अंशांच्या घराबद्दल. पुण्या-मुंबईत अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, गामेला आणखी थोडा वेळ.

पहिला पाठ कोणता घ्यावा असे विचाराल तर नाशिकची एक शिराज आणि एक क्रोझ-एर्मिताज शेजारी ठेवा. दोन्हींचे वाण एकच, शिराज म्हणजे सिराच. नाशिकची द्राक्षे फेब्रुवारी-मार्चच्या तोडणीची, तिकडची सप्टेंबरची. क्रोझमध्ये बहुतेकदा काळ्या मिरीचा वास ठळक येतो. तो रोटंडोन या संयुगाचा असतो, आणि खऱ्या मिरीतही तेच संयुग असते. साधारण पाचांतल्या एका माणसाला त्याचा वासच येत नाही, हे संशोधनातून दिसले आहे. म्हणून ही तुलना चार-सहा जणांनी मिळून करावी आणि कोणाला मिरी लागली, कोणाला नाही, हे एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे.