अठ्ठ्याण्णव की शंभर?

परवा भाचा त्याची स्विफ्ट घेऊन सरावलीला आला. गाडी 2012 ची, चाकं मात्र नवी कोरी, चकचकीत, 15 इंची. पोरगा खूष. मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "हबला नीट बसलीत का रे?" त्याला वाटलं मामाला चाकं आवडली नाहीत. तसं नव्हतं. या प्रश्नामागे एक जुनी गोष्ट आहे. घरच्यांपैकी काहींना ती ठाऊक आहे, पण अर्धीच, कारण उरलेली अर्धी मी आईपासून बरीच वर्षं लपवली. आता सांगायला हरकत नाही.

2006 साली मी सेकंडहँड फियाट पालिओ घेतली. बाबांचा हट्ट. त्यांच्या लेखी मोटार म्हणजे फियाट, बाकी सगळे डबे! पद्मिनी बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण पालिओ त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणून ती घरचीच. मला तिची लोखंडी चाकं काही आवडेनात. एमआयडीसीतली मित्रमंडळी तेव्हा पगार झाला की गाडीला 'मॅगव्हील' लावत. मीही एका दुकानातून (नाव नको) चार घेतली. प्रत्येक चाकाला आठ भोकं. दुकानदार म्हणाला, "साहेब, आठ भोकांचं आहे, कुठल्याही गाडीला बसतं." मी विश्वास ठेवला. बोल्ट पिळताना पोऱ्याला जरा जोर करावा लागत होता, तेही डोळ्यांनी पाहिलं. त्याचं काय, नवीन आहे म्हणून घट्ट असेल, असं वाटलं.

साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग करून घेतलं, दोनदा. थरथर तशीच. महिन्याभराने एका संध्याकाळी मी आणि बाबा मनोरहून परत येत होतो. हायवे सोडून चिल्हार फाट्याला वळलो, बोईसरच्या रस्त्याला लागलो आणि डाव्या पुढच्या चाकातून ठक-ठक-ठक. उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. चार बोल्टपैकी एक गायब. दोन हाताने फिरत होते. चाक एका बोल्टवर आलं होतं. समोरून एमआयडीसीचे ट्रक येत होते, एकामागून एक. पाय लटपटले ते अजून आठवतं. बाबा वाकले, चाक हाताने हलवून बघितलं आणि म्हणाले, "हे बसलेलं नाही. बसवलंय."

पुढे कळलं की हा सगळा दोन मिलिमीटरचा खेळ होता. बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून एक वर्तुळ काढलं तर त्याचा जो व्यास येतो त्याला गॅरेजवाले पीसीडी म्हणतात. फियाटचा पीसीडी 98 मिमी. माझ्या आठ भोकांच्या चाकात चार भोकं 100 ची होती आणि चार 114.3 ची. सँट्रो, इंडिका यांना 100 चालतं. मारुती 800 ला 114.3. फियाटला दोन्ही नाहीत. पण 98 आणि 100 इतके जवळ आहेत की बोल्ट आत जातो! भोक एक मिलिमीटर बाजूला असतं, बोल्टचं निमुळतं डोकं एकाच कडेला टेकतं, आणि पाना मात्र घट्ट लागल्यासारखा वाटतो. 114.3 च्या भोकात बोल्ट शिरलाच नसता आणि मी मुकाट्याने घरी आलो असतो.

ही मापं आली कुठून हे मग मी शोधत बसलो (खाज, दुसरं काय). 114.3 हा आकडा विचित्र वाटतो, पण तो आहे सरळ साडेचार इंच. अमेरिकन गाड्यांत हे माप फार चाले, जपान्यांनीही ते वापरलं आणि 1983 साली सुझुकीबरोबर आपल्या मारुती 800 च्या हबवर बसून ते भारतात घरोघरी पोचलं. 98 हे फियाटचं, इटालियन वळणाचं. 100 हा मेट्रिकवाल्यांचा गोल आकडा. आणि जीप? तिचा पीसीडी 139.7, म्हणजे साडेपाच इंच, पाच भोकं. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली तेव्हापासून ते माप इथे आहे. जव्हारच्या घाटात टपावर माणसं बसवून धावणाऱ्या जीपांना तेच, बोलेरोलाही तेच. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीपचं माप पालघरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या बोलेरोच्या चाकात आहे, हे कळल्यावर मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

थोडक्यात, आपण जिथून गाडी शिकलो तिथली भोकं आपल्याकडे आली. कुणी इंचवाला, कुणी मिलिमीटरवाला. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा याचा त्रास नसतो. बाहेरचं चाक आणलं की सुरू होतो.

बाबांना मात्र यातलं काही शोधावं लागलं नाही. त्यांनी लहानपणी आजोबांच्या बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिली होती. तेव्हा बोईसर म्हणजे एक स्टेशन, आजूबाजूला भातशेती आणि गवत. अणुवीज केंद्र 1969 चं, कारखाने त्यानंतरचे. सुतार तुंबा, आरे आणि बाहेरचा लाकडी घेर जुळवून चाक करून द्यायचा, लोहार त्यावर लोखंडी धाव बसवायचा. ही धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. जमिनीवर ठेवून भोवती गोवऱ्या रचून तापवायची, लाल झाली की फुगते. मग सांडशींनी तीन-चार जणांनी उचलून चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लाकूड करकरतं, धाव आकसते आणि सगळे सांधे आवळले जातात. खिळा नसला तरी चालतो.

सगळी मेख 'किंचित' या शब्दात. फार लहान झाली तर आरे वाकतात. सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड वाळलं की धाव भर रस्त्यात निसटते. म्हणून लोहार एक लहान चकती चाकाच्या कडेवरून फिरवून तिचे फेरे मोजायचा, मग तीच चकती पट्टीवरून फिरवायचा. फूटपट्टी नाही, पण अंदाजही नाही. आणि उन्हाळ्यात चाक सैल वाटलं की ओढ्यात उभं करून ठेवायचं, लाकूड फुगेपर्यंत. बाबा म्हणाले, आजोबा दर खेपेला गाडी जुंपण्याआधी चाक हलवून बघत, कुणी जागेवर आहे का ते पाहत. मी महिनाभर थरथरती गाडी चालवली आणि एकदा वाकून पाहिलं नाही.

नंतर रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या. टायर कुठल्याही कंपनीचा असो, लोक म्हणत 'डनलॉप'. भंगारातला जीपचा किंवा ट्रकचा आस आणि चाकं घ्यायची, वर लाकडी साटा. म्हणजे बाहेरचं चाक आणून बसवण्याची हौस काही आमच्या मॅगव्हीलपासून सुरू झालेली नाही. फक्त ते लोक आसासकट आणत! भोकं जुळवायचा प्रश्नच नाही. शहाणी माणसं.

भाच्याच्या गाडीकडे परत येतो. स्विफ्टचा पीसीडी 100, तो जुळला. टायरचं गणित मी कागदावर करून दाखवलं: जुना 165/80 आर 14, उंची 619.6 मिमी. नवा 185/65 आर 15, उंची 621.5 मिमी. जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही. (कंपनी स्वतःच वरच्या मॉडेलला हा टायर देत होती.) स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, आत कुठे घासत नाही. मग एक चाक खोललं. मधलं मोठं भोक 73.1 मिमीचं, आणि स्विफ्टच्या हबचा उंचवटा 54.1 चा. मध्ये रिंगच नाही! बाजारातली चाकं मधलं भोक मोठं ठेवूनच बनवतात, म्हणजे अनेक गाड्यांना चालतात. उरलेली फट भरायला रिंग घालायची असते. ती नसली तर चाक मध्यावर धरायचं काम एकट्या नटांवर येतं.

"पण चालतंय की छान," भाचा म्हणाला.

मी त्याला चिल्हारच्या रस्त्याची गोष्ट सांगितली. आई स्वयंपाकघरात होती, तिनेही ऐकली. मग जे व्हायचं ते झालं. असो.

रिंगा दुसऱ्या दिवशी मिळाल्या. चाकं बसवताना मी बाजूला उभा राहिलो: आधी सगळे नट हाताने, मग समोरासमोरचे एकाआड एक, गाडी खाली उतरवून शेवटचा पीळ, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपास. पोऱ्या कंटाळला होता. बाबांना नीट चालता येत नाही आता, पण काठी टेकत गाडीपाशी आले, एका हाताने पुढचं चाक धरून हलवलं आणि काही न बोलता आत गेले.

माझ्या त्या आठ भोकांच्या चाकांपैकी दोन अजून मागच्या पडवीत आहेत. एकावर पाण्याचं पिंप ठेवलंय. ते मात्र अगदी फिट्ट बसलंय.