जावळीच्या बायकांनी आडवी केलेली बाटली

मेढ्याला तालुक्याचा मान इंग्रजी अमदानीपासून आहे. १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जावळी तालुक्याचं ठाणं म्हणून वेण्णेकाठच्या या गावाची नोंद सापडते. ज्या जावळीवरून तालुक्याला नाव पडलं, जिथे १६५६ साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांचा पाडाव केला, ते मूळ गाव आज महाबळेश्वर तालुक्यात आहे. नाव तिकडचं, कचेरी इकडची. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून महाबळेश्वराला काढलेला रस्ता मेढा-केळघरवरूनच वर चढतो, त्यामुळे साहेबलोकांची वर्दळ इथे फार जुनी. डोंगरातल्या माणसाचं कचेरीतलं काम मात्र दाखला, सातबारा आणि तगाई एवढ्यापुरतंच असायचं.

मी ग्रामसेवक म्हणून याच तालुक्यात नोकरी केली. घरपट्टीची पावती फाडणं, जन्ममृत्यूची नोंद घालणं आणि ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणं हा माझा धंदा. गावाचा इतिहास मला दप्तरातूनच कळत गेला. दप्तरात गाव काय मागतं ते दिसतं, आणि त्याला काय मिळतं तेही.

जुन्या माणसांच्या तोंडी ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्द शेवटपर्यंत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाऊ लागला. त्यातून रस्ते, विहिरी, धर्मशाळा आणि शाळा व्हायच्या. आणा गावाचा, पण तो कुठे खर्चायचा हे ठरवणारे जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेले. पुढे बोर्डात निवडून गेलेले सभासद आले, तरी डोंगरकपारीतल्या वाडीपर्यंत त्यांचा पाय क्वचितच पोचायचा.

मधल्या काळात याच जिल्ह्याने एक वेगळाच प्रयोग पाहिला. १९४३ ते ४६ या वर्षांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रति सरकारने गावोगाव आपली न्यायमंडळं बसवली, भांडणं तिथल्या तिथे तोडली, कमी खर्चात लग्नं लावली आणि दारूच्या भट्ट्या मोडल्या. त्याचा जोर कृष्णाकाठी, वाळवा-तासगावच्या बाजूला. तो मुलूख पुढे १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि आज सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो. गावाने स्वतःचा कारभार स्वतः करायचा म्हटलं की पहिल्या दोन-चार कामांत दारूबंदी येते, हे तेव्हाच दिसलं होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण साठ-पासष्ट वर्षांनी आमच्या तालुक्यात नेमकं तेच झालं.

स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समिती झाली, मग महाराष्ट्रात वसंतराव नाईक समिती. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आमच्याच मुलखाचे, देवराष्ट्र्याचे. मेढ्याला पंचायत समिती बसली, गटविकास अधिकारी आले, सभापती झाले. बांधबंदिस्तीपासून कोंबड्यांच्या लशीपर्यंत सगळं एका छपराखाली आलं. पण त्याच काळात कोयनेचं धरण झालं आणि तालुक्याची पश्चिमेकडची गावं शिवसागराच्या पाण्यात गेली. पुढे वेण्णेवर कण्हेरचं धरण झालं, त्यातही जमिनी गेल्या. उरलेल्या गावांतले तरणे मुंबईची वाट धरू लागले.

जावळीचा कारभार समजून घ्यायचा तर मुंबई वगळून चालत नाही. गोदीत, गिरणीत, माथाडीत कामाला गेलेला जावळीकर गावकीच्या खोलीवर राहायचा. एका गाळ्यात गावची वीस-पंचवीस माणसं, ट्रंका भिंतीला लावलेल्या, पाळीपाळीने झोपायचं. तिथेच महिन्याची बैठक भरायची आणि घरटी वर्गणी ठरायची. देवळाचा कळस, शाळेची खोली, वाडीला जाणारा रस्ता हे विषय ग्रामपंचायतीच्या विषयपत्रिकेवर यायच्या आधी मुंबईच्या मंडळात मंजूर झालेले असायचे. मी नवा होतो तेव्हा एका सरपंचांनी मला स्पष्ट सांगितलं, ‘‘भाऊसाहेब, ठराव यात्रेपर्यंत थांबवा. मुंबईकर आल्याशिवाय माणूस बोलायचा नाही.’’ आणि खरंच, चैत्रात यात्रेला चाकरमानी आले की ग्रामसभेला बसायला जागा पुरायची नाही.

पण बोलायचे ते पुरुष. बायका देवळाच्या पायरीशी, भिंतीला पाठ लावून उभ्या. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, एकतृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, २०११ साली त्या निम्म्या झाल्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आला. कागदावर नियम आला आणि लगेच बायका बोलायला लागल्या असं झालं नाही. बचत गट निघाले, दर महिन्याला एकत्र बसायची सवय लागली, तेव्हा तोंड उघडलं. आणि उघडल्यावर पहिला विषय निघाला तो दारूचा.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं धोरण पुढे सैलावत गेलं आणि सरकारमान्य देशी दारूची दुकानं आली. नवरा मुंबईहून आजारी होऊन परतलेला, पोरगा कामाला न जाणारा, आणि घर भातावर नि बाईच्या मजुरीवर. ग्रामसभेने दुकान बंद करा म्हणून ठराव केला तरी त्या ठरावाला कायद्याचं बळ नव्हतं. मी स्वतः असे ठराव सुवाच्य अक्षरात लिहिले, जावक क्रमांक टाकून पाठवले. दुकान चालूच राहायचं.

हे बळ आलं ते मतदानाच्या तरतुदीने. २५ मार्च २००८ च्या आदेशाने त्याची रीत पक्की झाली: गावातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी अर्ज करायचा, राज्य उत्पादन शुल्क खात्याने सह्या पडताळायच्या, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद.

हा कागदी नियम आमच्याकडे चळवळ झाला तो वारकरी कीर्तनकार बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघामुळे. विलासबाबा जवळ आणि त्यांच्या सोबतचे कार्यकर्ते वाड्यावस्त्यांवर हिंडले. कीर्तनाला बसणारी बाई त्यांचं ऐकत होती, कारण माळकऱ्याने दारूविरुद्ध बोलणं तिला नवं नव्हतं. साताऱ्यात दाभोलकर पतिपत्नींचं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र होतंच. तिथून बरा होऊन आलेला एखादा माणूस गावात असला की सभेत त्याच्याकडे बोट दाखवता यायचं. वारकरी आणि विवेकवादी, दोघांचंही काम एकाच तालुक्याच्या उपयोगी पडलं.

एका गावातली सह्यांची पडताळणी मी मतदारयादी घेऊन बसून पाहिली आहे. आषाढाचे दिवस, लावणी चाललेली. बायका इरलं दाराशी टेकवून शाळेच्या खोलीत येत होत्या. चिखलात भिजून बोटांची कातडी सुरकुतलेली, त्यामुळे अंगठा उमटायचाच नाही. पदराला पुसायचा, पुन्हा शाईवर टेकवायचा, पुन्हा काळा डागच. यादीत सासरचं नाव, अर्जावर कुणी माहेरचं लिहिलेलं. कुणाला घरी एका नावाने हाक, कागदावर दुसरंच. उत्पादन शुल्क खात्याचे साहेब म्हणाले, जुळत नाही. तेव्हा मागे उभी असलेली एक म्हातारी पुढे आली आणि तिने रांगेतल्या प्रत्येकीची ओळख सांगितली: ही अमक्याची सून, हिचं लग्नातलं नाव हे, यादीत अमुक पानावर बघा. तिला वाचता येत नव्हतं. पण गावातली एकही बाई तिच्या हिशेबातून सुटली नव्हती.

मतदानाची खरी अडचण दुसरीच होती, आणि ती जावळीची खास आहे. निम्म्याहून जास्त मतं हवीत ती यादीतल्या सगळ्या बायकांच्या हिशेबाने, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. आमच्या याद्यांमध्ये मुंबईला राहणाऱ्या सुना, लग्न होऊन गेलेल्या लेकी, वारलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची नावं तशीच. म्हणजे जी आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. म्हणून पुन्हा मुंबईच्या खोल्यांवर निरोप गेले. एरवी पुरुषांच्या वर्गणीसाठी भरणाऱ्या बैठकीत या वेळी मागणं होतं बायकांचं: तुमच्या घरची बाई त्या दिवशी गावाला पाठवा.

मेढ्याच्या बायकांनी बाटली आडवी केली. तालुक्यातली दुकानं एकेक करून बंद झाली आणि जावळीचं नाव दारूमुक्त तालुका म्हणून राज्यात झालं. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली तीही लोकांच्या चळवळीमुळेच, पण हुकूम सरकारने जिल्ह्यासाठी काढला. आमच्याकडे निर्णय गावागावाने शिक्का मारून घेतला. चोरून येणारी दारू थांबली असं मी म्हणणार नाही; पण बाजारपेठेतल्या दुकानाच्या दारातून मजुरीचे पैसे जाणं थांबलं, आणि पुढे ग्रामसभेत त्याच बायका पाण्याच्या टाकीबद्दल विचारू लागल्या. इतिवृत्तात बायकांची नावं सूचक-अनुमोदक म्हणून मी तेव्हापासून नेमाने लिहू लागलो.

आता मेढ्याला ग्रामपंचायत नाही, नगरपंचायत आहे. २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि त्यांच्यावर प्रशासक बसले ते वर्षानुवर्षं राहिले. त्या काळात सभापतींच्या दालनाला कुलूप होतं, आणि लोक पुन्हा दाखल्यापुरते कचेरीत येऊ लागले.

माझी एक मागणी आहे, आणि ती मी नोकरीत असतानाही लेखी मांडली होती. बाटलीचं मतदान लावायच्या आधी त्या गावची महिला मतदारयादी दुरुस्त करून घ्यावी. वारलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची आणि दोनदा आलेली नावं ग्रामसेवक आणि तलाठ्याने गावात चावडीवाचन करून वगळावीत, आणि निम्म्याचा हिशेब त्या यादीवर धरावा. चार दिवसांचं काम आहे. ज्या गावाची निम्मी घरं मुंबईला कुलूप लावून गेली आहेत, तिथे मागे राहिलेल्या बाईने गेलेल्यांच्या वाटची मतं कुठून आणायची?