दिनविशेष : १९ ऑगस्ट – क्राउन हाइट्सची दंगल (१९९१)

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या क्राउन हाइट्स वस्तीत १९९१ साली आजच्या दिवशी दंगल उसळली. लुबाविच पंथाच्या ज्यूंचे धर्मगुरू मेनाकेम श्नेअरसन यांच्या ताफ्यातील मोटारीच्या धडकेने गयानातून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा दगावला. ज्यूंच्या रुग्णवाहिकेने मुलाला सोडून मोटारचालकाला आधी नेले, अशी बोलवा उठली. चालकाला हलवायला पोलिसांनीच सांगितले होते, पण ते ऐकायला कोण थांबतो! काही तासांतच जमावाने ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका ज्यू विद्यार्थ्याला भोसकले. त्याचाही मृत्यू झाला. तीन दिवस दगडफेक, लूट चालली. नागरी हक्कांच्या लढ्यात हातात हात घालून चाललेल्या दोन समाजांतला दुरावा उघडा पडला. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्यावर ढिलाईची टीका झाली. १९९३ची निवडणूक ते रूडी जुलियानी यांच्याविरुद्ध हरले.